सुया-लोकरीचं विणकाम शिकताना सगळेच विचारतात ते प्रश्न

पुण्यात घरीच रविवारी सकाळी छोटी बॅच घेते, सहा जणांची. दर नव्या बॅचला तेच प्रश्न येतात आणि मेसेजवर तुकड्या-तुकड्यात उत्तरं देऊन समाधान होत नाही, म्हणून एकदा सगळं नीट बसून लिहून काढलंय. हे दोन सुयांवरच्या विणकामाबद्दल आहे, क्रोशाबद्दल नाही, क्रोशाचा हूक मात्र मध्येमध्ये लागणार आहे.

क्लास लावू का व्हिडिओ बघून शिकू?

दोन्ही. पण कशासाठी काय, हे कळलं पाहिजे. व्हिडिओत समोरच्याचे हात दिसतात, तुमचे हात कुणालाच दिसत नाहीत, आणि सुरुवातीच्या नव्वद टक्के अडचणी तुमच्या हातात असतात. दोरा करंगळीला न गुंडाळता नुसता मुठीत धरलाय, टाका सुईच्या टोकावरच ओढलाय, दोरा पुढेच राहून गेलाय, हे स्वतःला दिसत नाही, शेजारी बसलेल्या माणसाला दोन सेकंदात दिसतं. म्हणून सुईवर टाके घालणं, सुलट आणि उलट हे दोन मूळ टाके, आणि शेवटी टाके बंद करणं एवढं तरी कुणाच्या तरी शेजारी बसून शिका, मग ते क्लासमध्ये असो की मावशीच्या शेजारी. त्यानंतर वेणी, जाळी, मोज्याची टाच वगैरे नवं टेक्निक व्हिडिओवरून मस्त शिकता येतं कारण स्पीड कमी करून दहादा बघता येतं, जे शिकवणाऱ्या माणसाला करायला लावणं अवघड असतं.

आणि एक, क्लासमध्ये फक्त कळतं, हातात बसतं ते घरी. रविवारी दोन तास बसलात आणि पुढच्या रविवारपर्यंत पिशवी उघडलीच नाही तर परत पहिल्यापासून. रोज पंधरा मिनिटं विणलंत तर मात्र फरक आठवड्यातच दिसतो.

वयाची काही अट?

नाही. आठ-नऊ वर्षांची मुलं छान शिकतात, आमच्याकडे सत्तरी पार केलेल्या काकूही आहेत.

पहिलं सामान काय घेऊ?

आठ नंबरच्या सुयांची एक जोडी, एक फिक्या रंगाचा लोकरीचा गुंडा, बोथट टोकाची मोठ्या नेढ्याची सुई, एक क्रोशाचा हूक, मोजपट्टी. पाचशेच्या आत आरामात होतं.

सुयांच्या नंबरची मात्र गंमत आहे आणि इथे खूप जण फसतात. आपल्याकडे दुकानात जे नंबर चालतात ते जुने इंग्लंडचे, त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. आठ नंबर म्हणजे ४ मिमी, दहा नंबर म्हणजे ३.२५ मिमी, बारा नंबर २.७५ मिमी. अमेरिकेत नेमकं उलट, नंबर वाढला की सुई जाड. त्यामुळे अमेरिकन पॅटर्नमध्ये आठ नंबर लिहिलं असेल तर ती ५ मिमीची सुई असते, आणि आपण तुळशीबागेतून आठ नंबर आणून बसलो की सगळं लहान होतं, मग वाटतं आपल्यालाच जमत नाही. कायम मिलिमीटर बघा, नंबर विसरा.

लोकर पहिल्यांदा साधी अ‍ॅक्रिलिकच घ्या. वर्धमान, ओसवाल, गंगा, हे सगळीकडे मिळतात, यातला बराचसा माल लुधियानाचा. अ‍ॅक्रिलिक स्वस्त आहे, दहा वेळा उसवली तरी चालते, आणि सुरुवातीला उसवणं खूप होतं. काळी, नेव्ही ब्लू किंवा केसाळ फुललेली लोकर नको, त्यात टाका दिसतच नाही, आणि टाका वाचता येणं हेच तर शिकायचंय.

सुया लाकडी किंवा बांबूच्या मिळाल्या तर पहिल्यांदा त्या बऱ्या, कारण टाके पटकन घसरत नाहीत. हात बसला की धातूच्या सुयांवर वेग येतो. पोनीच्या सुया तर आपल्या आयांच्या डब्यात पण असतील, आधी तो डबा उघडून बघा, खूप वेळा अर्धं सामान घरातच निघतं.

महाराष्ट्रात थंडी कुठे आहे एवढी? विणून करायचं काय?

हा प्रश्न मुंबईहून जास्त येतो 🙂 अहो, थंडी हे एकच कारण नाही. आपल्याकडे विणकाम टिकलं ते मुख्यतः बाळंतविड्यामुळे. बाळ होणार म्हटलं की आजी, आत्या, मावशी सुया काढायच्या, कानटोपी, मोजे, स्वेटर, दुपटं, सगळा सेट एका रंगात. ते बाळ पुण्यात असो की परभणीत, मऊ टोपी लागतेच. आता तर निम्म्या घरांतली मुलं न्यू जर्सी नाहीतर म्युनिकला आहेत, तिकडे खरीखुरी थंडी आहे. आणि लोकरच हवी असंही नाही, सुती दोऱ्यात भांडी पुसायची फडकी, बाजाराच्या जाळीच्या पिशव्या, उन्हाळी टॉप, सगळं होतं. सुती दोरा लोकरीसारखा ताणत नाही, त्यामुळे हाताला जरा कडक वाटतो, एवढं लक्षात ठेवा आणि अगदी पहिला प्रोजेक्ट त्यात नका करू.

पहिला प्रोजेक्ट मफलर करू ना? सगळे तेच करतात.

करतात आणि तिथेच सोडतात. दीड मीटर मफलर म्हणजे शेकडो ओळी एकच टाका. पहिल्या वीस ओळीत जे शिकायचं ते शिकून होतं, पुढे नुसता कंटाळा, आणि वर पहिल्या वीतभर भागातल्या चुका कायम डोळ्यासमोर. मला कळकळीनं वाटतं की नवशिक्यांचं विणकाम सुटायचं सगळ्यात मोठं कारण हा मफलर आहे.

मग काय करू? क्रमानं सांगा.

माझा एकच नियम आहे, एका प्रोजेक्टमध्ये एकच नवी गोष्ट. वस्तू तळहाताएवढी असली तरी चालेल पण पूर्ण झाली पाहिजे, टाके बंद करून, दोऱ्याची टोकं आत लपवून. पूर्ण केलेली चार इंचाची वस्तू अर्धवट स्वेटरपेक्षा जास्त शिकवते कारण त्यात सुरुवात आणि शेवट दोन्ही येतात.

आमच्याकडे पहिला येतो चौकोन. वीस टाके घालायचे, सगळ्या ओळी सुलट, चाळीस-एक ओळी, बंद. याला गार्टर म्हणतात. चहाच्या कपाखाली ठेवा.

दुसरं, तिरकं फडकं. हे मला सगळ्यात आवडतं. चार टाक्यांनी सुरुवात, प्रत्येक ओळीत दोन सुलट, मग सुईवर दोरा घेऊन एक टाका वाढवायचा, उरलेले सगळे सुलट. असं चव्वेचाळीस टाक्यांपर्यंत जायचं. मग परतीचा प्रवास, एक सुलट, दोनाचा एक (म्हणजे दोन टाके एकत्र विणायचे), दोरा घ्या, परत दोनाचा एक, उरलेले सुलट, म्हणजे दर ओळीला एक टाका कमी होतो, शेवटी परत चार उरले की बंद. कोपऱ्यातून कोपऱ्यात गेलेला चौकोन तयार होतो आणि कडेनं सुंदर भोकांची नक्षी. वाढवणं, कमी करणं, दोरा घेणं, तिन्ही एका फडक्यात. इथे माझाच एक-नवी-गोष्टचा नियम मोडतो, हे मान्य, पण तिन्ही गोष्टी एकमेकींच्या बहिणी आहेत आणि एकत्रच पटकन कळतात.

तिसरा हेअरबँड, दोन सुलट दोन उलट. आपल्याकडे याला नुसतं बॉर्डर म्हणतात कारण स्वेटरच्या खालच्या पट्टीला तेच असतं. इथे उलट टाका शिकतो आणि मुख्य म्हणजे सुलटवरून उलटवर जाताना दोरा पुढे आणायचा, परत सुलटला मागे न्यायचा, ही सवय लागते. ती एकदा लागली की साबुदाण्यासारखी दाणेदार वीण पण येते, विषम टाके घ्यायचे आणि प्रत्येक ओळ एक सुलट एक उलट अशीच सुरू करायची, बास.

मग बिनबोटांचे हातमोजे. एक आयत विणायचा, बाजूची शिवण घालताना अंगठ्यापुरती जागा सोडायची. दिसायला भारी, करायला सोपे, आणि शिवण शिकून होते. पहिली गिफ्ट देण्यासारखी वस्तू बहुतेकांची हीच असते.

त्यानंतर बाळाची टोपी, मग वेणी नाहीतर जाळी ज्याला जे आवडेल ते, मग मोजे. स्वेटर त्यानंतर.

टोपीचं गणित सांगाल का?

सांगते की. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं डोकं साधारण ३५ सेमी. टोपी थोडी कमी हवी म्हणजे ताणून नीट बसते, तेहतीसच्या आसपास. माझ्या हाताला आठ नंबरच्या सुईवर दहा सेमीत बावीस टाके येतात, तर ७२ टाके घातले की पावणेतेहतीस सेमी होतात. दोन-अडीच सेमी बॉर्डर, मग साधं, म्हणजे एक ओळ सुलट एक ओळ उलट, विणत जायचं, एकूण उंची अकरा-बारा सेमी झाली की वरचा भाग मिटवायला घ्यायचा. ७२ चे आठ भाग, प्रत्येकी नऊ. सात सुलट आणि दोनाचा एक असं आठ वेळा, पुढची ओळ साधी, मग सहा सुलट आणि दोनाचा एक, परत साधी, असं करत करत शेवटी आठ टाके उरतात. दोरा कापून त्या आठातून ओवून ओढून घ्यायचा. वरून बघाल तर आठ पाकळ्यांचं फूल दिसतं. हे पहिल्यांदा झालं ना की बॅचमध्ये प्रत्येक जण ती टोपी मुठीवर घालून सगळ्यांना दाखवत फिरतो.

तुमच्या हाताला बावीसच्या ऐवजी चोवीस किंवा वीस येत असतील तर टाके बदलतील, फक्त आठच्या पाढ्यातला आकडा धरा.

म्हणजे दहा सेमीत किती टाके येतात ते बघायला आधी नमुन्याचा तुकडा विणायलाच लागतो? वेळ जातो हो.

लागतो. टोपीला चालवून घेता येतं, स्वेटरला नाही. उदाहरण बघा. पॅटर्नवाल्याचे दहा सेमीत बावीस टाके, तुमचा हात जरा घट्ट म्हणून चोवीस. फक्त दोनाचा फरक. पण २०० टाक्यांच्या स्वेटरचा घेर त्याच्याकडे ९१ सेमी होतो आणि तुमच्याकडे ८३. आठ सेमी! महिनाभर विणलेला स्वेटर अंगात जात नाही, आणि तो तुकडा विणायला लागला असता एक संध्याकाळ. निदान पंधरा सेमीचा चौकोन विणा, धुवा, वाळवा, आणि मग मधोमध मोजा, कडेला नाही कारण कडेचे टाके कायम वेडेवाकडे असतात. टाके जास्त आले तर जाड सुई घ्या, कमी आले तर बारीक. हात बदलायला जाऊ नका, सुई बदला.

माझं विणलेलं कडेनं गुंडाळतं, काय चुकतंय?

काहीच नाही चुकत. एक ओळ सुलट एक ओळ उलट अशी जी साधी वीण असते, ती गुंडाळतेच. प्रत्येक टाका मागून पुढे ओढलेला असतो, एका बाजूला सपाट आणि दुसऱ्या बाजूला फुगीर, आणि सगळेच टाके एकाच दिशेनं ओढत असल्यामुळे बाजूच्या कडा मागे आणि खालची-वरची कड पुढे वळते. गार्टरमध्ये ओळीआड ओढ उलटी होते म्हणून ते सपाट पडून राहतं. इस्त्री मारून हे जात नाही, कडेला चार-पाच टाके गार्टर किंवा दाणेदार ठेवा आणि खाली बॉर्डर घाला. बॉर्डर नुसती दिसायला नसते, ती याच्यासाठी असते.

वीस टाके घातले होते, आता सव्वीस आहेत. कसे वाढले?

दोनच कारणं. एक, ओळीच्या सुरुवातीला दोरा सुईवरून मागे ओढला गेलाय, त्यामुळे पहिल्या टाक्याचे दोन पाय वर येतात आणि ते दोन टाके वाटतात, तुम्ही दोन्ही विणता. दोरा कायम सुईच्या खालून घेऊन मग सुरू करा. दोन, मध्येच दोरा पुढे राहिला आणि तुम्ही सुलट विणलं, की सुईवर एक जादाचा वेढा बसतो आणि तिथे छोटं भोक पडतं. हे भोक म्हणजेच जाळीच्या विणीचं मूळ आहे, फक्त आत्ता ते न बोलावता आलंय. सुरुवातीला दर दोन ओळींनी टाके मोजा, कंटाळा आला तरी मोजा.

माझे टाके इतके घट्ट होतात की सुई आतच जात नाही.

टाका सुईच्या निमुळत्या टोकावर तयार करताय. तो सुईच्या जाड भागावर सरकवून मग ओढा, सुईची जाडी हेच टाक्याचं माप आहे. आणि प्रत्येक टाका झाल्यावर दोऱ्याला जो झटका देता ना, तो बंद करा. खूप जणी भीतीनं देतात, टाका निसटेल म्हणून. निसटत नाही.

आणि निसटलाच तर?

सगळ्यात आधी, हात थांबवा आणि कापड ताणू नका. निसटलेला टाका उभा खाली उतरतो आणि त्याच्यामागे शिडीसारख्या आडव्या पायऱ्या दिसतात. सुलट बाजू स्वतःकडे धरा, क्रोशाचा हूक समोरून त्या सुट्या फासात घाला, त्याच्या लगेच वरची पायरी पकडून फासातून बाहेर ओढा, मग वरची, मग तिच्या वरची, आणि शेवटी फास सुईवर चढवा. पाच मिनिटांचं काम आहे.

हे मी बॅचमध्ये तिसऱ्याच दिवशी मुद्दाम करायला लावते, सगळ्यांनी एक टाका सोडायचा, चार ओळी खाली जाऊ द्यायचा आणि परत वर आणायचा. पहिल्यांदा सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. पण त्यानंतर जो आत्मविश्वास येतो त्यानं पुढचं सगळं शिकणं सोपं होतं, कारण चूक दुरुस्त करता येते हे कळल्यावर माणूस नवीन गोष्ट करायला घाबरत नाही.

अख्ख्या दहा ओळी उसवायच्या असतील तर?

सुई काढून घ्या आणि ओढा. फक्त हवी ती ओळ यायच्या एक ओळ आधी थांबा, शेवटची ओळ एकेक टाका सुईवर घेत उसवा. जाळीची वीण असेल तर आधीच सोय करून ठेवा, दर आठ-दहा ओळींनी वेगळ्या रंगाचा पातळ सुती दोरा सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून ओवून तसाच सोडायचा. पुढे चुकलं तर तिथपर्यंतच उसवतं, खाली जात नाही.

वेणीची डिझाइन फार अवघड असते ना?

दिसते तेवढी अजिबात नाही! सहा टाक्यांची वेणी म्हणजे काय, तर तीन टाके तिसऱ्या छोट्या सुईवर काढून पुढे लटकत ठेवायचे, पुढचे तीन विणायचे, मग लटकवलेले तीन विणायचे. झालं. दर सहाव्या नाहीतर आठव्या ओळीत हे करायचं, मधल्या ओळी साध्या. पुढे लटकवले तर पीळ डावीकडे जातो, मागे ठेवले तर उजवीकडे. वेणीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन उलट टाके ठेवा म्हणजे ती उठून दिसते. तिसरी सुई नसेल तर हेअरपिन पण चालते. एकच लक्षात ठेवायचं, वेणी कापड आत ओढते, साध्या विणीपेक्षा रुंदी कमी भरते, तर टाके थोडे जास्त घालावे लागतात. हेअरबँडवर एक वेणी घालून बघा, दोन संध्याकाळी पुरतात.

जाळीची वीण?

दोरा घेऊन एक टाका वाढवायचा आणि शेजारीच दोनाचा एक करून कमी करायचा, म्हणजे भोक पडतं आणि टाके तेवढेच राहतात. सगळी जाळी याच एका जोडीवर उभी आहे. बुकमार्कपासून सुरू करा, शालीपासून नाही.

दोन रंगांचं नक्षीकाम कधी शिकू?

टोपी झाल्यावर. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटं आहेत, त्यातल्या फेअर आयल नावाच्या बेटावरून हा प्रकार जगभर गेला. बघायला दहा रंग दिसतात पण एका ओळीत एका वेळी दोनच रंग असतात, हेच त्याचं मर्म. न वापरलेला दोरा मागून सैल न्यायचा. तो घट्ट ओढला की कापड चुण्या पडल्यासारखं होतं, सगळ्यांचं पहिल्यांदा होतंच.

गोल सुई काय असते, घ्यावी का?

दोन छोट्या सुया आणि मध्ये प्लास्टिकची तार. टोपी, मोजे, बाह्या गोल-गोल विणता येतात, शिवण लागत नाही, आणि एका बाजूनंच विणत असल्यामुळे साध्या विणीला उलट टाका घालावाच लागत नाही. ८० ते १०० सेमी लांबीची एक घेतली की तिच्यावर तारेचा फास काढून छोटा घेर पण विणता येतो, मग मोज्यांसाठी वेगळ्या चार-पाच सुया घ्यायला नको. निटप्रो नावाच्या ज्या सुया परदेशातले विणकर हौसेनं वापरतात, त्या आपल्याच देशात बनतात. गोल जोडताना सगळे टाके एका दिशेला आहेत ना, पीळ पडला नाही ना, हे मात्र दोनदा बघा. पीळ पडला आणि चार ओळींनंतर कळलं तर उसवण्याशिवाय उपाय नाही.

पॅटर्नमधली ती इंग्रजी अक्षरं कशी वाचायची?

के म्हणजे सुलट, पी म्हणजे उलट, वायओ म्हणजे सुईवर दोरा घेणं, के टू टॉग म्हणजे सुलट दोनाचा एक. चांदणीचं चिन्ह असेल तर तिथपासून परत परत करायचं. महिन्याभरात डोळ्यांना सवय होते. चौकटींचा चार्ट असेल तर तो खालून वर वाचायचा, पहिली ओळ उजवीकडून डावीकडे आणि परतीची डावीकडून उजवीकडे, कारण आपण विणतो पण तसंच. आमच्याकडे काही जणी वहीत सु आणि उ लिहून स्वतःचं भाषांतर करून घेतात, फार छान सवय आहे. रॅव्हलरी नावाच्या साइटवर हजारो पॅटर्न फुकट मिळतात, तिथे नवशिक्यांचे वेगळे शोधता येतात.

मी डावखुरी आहे.

मग आरशासारखं समोर बसून शिका, शेजारी नाही. पण आधी एक करून बघा. विणकामात दोन्ही हात काम करतात, त्यामुळे बऱ्याच डावखुऱ्यांना नेहमीची पद्धत सुद्धा जमते, विशेषतः डाव्या हातात दोरा धरायची युरोपियन पद्धत. आपल्याकडे बहुतेक जणी उजव्या हातानं दोरा सुईवर टाकतात, ती इंग्लंडकडची पद्धत. कुठलीही बरोबर किंवा चूक नाही, कापड सारखंच होतं.

हे क्लासचं नवीनच फॅड आहे का? पूर्वी तर घरीच शिकायच्या बायका.

नवीन नाही हो. हिमाचलात लाहौलला केलाँग म्हणून गाव आहे, तिथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोराव्हियन या ख्रिस्ती मिशनचं ठाणं होतं. तिथल्या मारिया हायडे यांनी लाहौली बायकांना दोन सुयांवर विणायला शिकवलं, विणकामाची शाळाच चालवली. आणि त्या बायकांनी ते नुसतं शिकून ठेवलं नाही, त्यात स्वतःचे रंग, स्वतःची नक्षी आणली. मनालीकडे गेलात तर ते रंगीत मोजे बघितले असतील, त्या लाहौली मोजे-हातमोज्यांना आता भौगोलिक मानांकन आहे. म्हणजे एका क्लासमधून एका अख्ख्या खोऱ्याची कला उभी राहिली. मला हे जेव्हा कळलं तेव्हापासून मी बॅच जास्त मन लावून घेते.

आपल्या घोंगडीची लोकर विणायला चालेल का?

फार चांगला प्रश्न. घोंगडी विणलेली नसते आपल्या अर्थानं, ती मागावर असते, सनगर मंडळी विणतात, ताण्याला चिंचोक्यांची खळ लावून. लोकर दख्खनी मेंढीची, धनगरांकडची. ती जाड आणि राठ असते, मेरिनो मेंढीच्या लोकरीसारखी मऊ नाही, तर गळ्याशी आणि बाळाला नको. पण हातानं कातलेला सूत मिळाला तर जाड सुईवर बैठकीचं आसन, पिशवी, गरम भांड्याखालची चकती हे अप्रतिम होतं आणि झिजत नाही. रंग न दिलेला काळा-करडा रंग इतका सुंदर असतो! आपल्याच मातीतली लोकर आहे, मिळाली तर जरूर घ्या. फक्त काळ्या रंगावर टाके दिसत नाहीत, तर शिकून झाल्यावर.

चांगला क्लास कसा ओळखायचा?

बॅच किती जणांची ते विचारा, आठच्या वर गेली की प्रत्येकाच्या हाताकडे लक्ष जात नाही. शिकवणारी व्यक्ती तुमची चूक स्वतः दुरुस्त करून देते की तुमच्या हातून करून घेते ते बघा. मी पूर्वी एका ठिकाणी शिकायला जायचे, तिथे बाई भराभर माझं विणकाम हातात घेऊन नीट करून द्यायच्या, प्रेमानंच, पण घरी आल्यावर मला काहीच यायचं नाही, आणि चार महिने वाटत राहिलं की माझ्या हातातच नाही हे. नवीन ठिकाणी पहिल्याच दिवशी मला माझा टाका मीच उचलायला लावला आणि सगळं बदललं. ऑनलाइन क्लास असेल तर तुमचा कॅमेरा हातांवर ठेवायला सांगतात का ते बघा, चेहरा बघून काय कळणार.

हात आणि मान दुखते.

अर्ध्या तासाला उठा. कोपर टेकवून बसा, उजेड डाव्या खांद्यावरून येऊ द्या. बोटांना मुंग्या येत असतील तर काही दिवस थांबा आणि डॉक्टरांना दाखवा, तसंच रेटू नका.

स्वेटर कधी?

मोजे झाले की लगेच, आणि तो बाळाचा. लहान असल्यामुळे पाठ, पुढचे भाग, बाह्या, गळा, सगळं थोड्या लोकरीत शिकून होतं. माझा पहिला स्वेटर भाचीच्या वाढदिवसाचा होता. सगळं मापात, वीण सुंदर, आणि घालायला गेलो तर डोक्यातून उतरेना. वर्षाच्या बाळाचं डोकं पंचेचाळीस-सेहेचाळीस सेमी असतं आणि मी गळ्याचे टाके इतके घट्ट बंद केले होते की तो चाळीसच्या पुढे ताणतच नव्हता. ती रडायला लागली, मी पण. रात्री फक्त शेवटची ओळ उसवून दोन नंबर जाड सुईनं परत बंद केली आणि सकाळी तो सहज गेला. तेव्हापासून गळा कायम जाड सुईनं बंद करते, आणि एका खांद्यावर दोन बटणं ठेवते.

धुवायचं कसं?

अ‍ॅक्रिलिक मशिनमध्ये जाळीच्या पिशवीत घालून चालतं, पण गरम इस्त्री अजिबात नको, एकदा लागली की ते लुळं पडतं आणि परत येत नाही. खरी लोकर गार पाण्यात बुडवून ठेवा, चोळू नका, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि आडवी पसरून हव्या त्या मापात वाळवा. ओली लोकर आकार धरते, टाके एकसारखे बसतात, जाळीची वीण तर तेव्हाच खरी उघडते. दांडीवर वाळत घातला तर स्वेटर गुडघ्यापर्यंत येतो.

रविवारी पहिल्यांदा येताना काय आणू?

आठ नंबरच्या सुया, फिका गुंडा, वही. गुंडा लडीत असेल तर कुणाच्या तरी हातावर धरून आधीच गुंडाळून आणा, तिथे त्यात अर्धा तास जातो. नखं फार वाढलेली असतील तर कापून या, लोकर अडकते. आणि आई-आजीनं विणलेलं जुनं काही घरात असेल, फाटलेलं असलं तरी, तर ते घेऊन या, पहिला अर्धा तास आम्ही तेच उलटंपालटं करून टाके वाचतो.